दुकानाचा लाइटवाला बोर्ड दोन पावसाळ्यांत का जातो?

खमंग_काकडी

मंडळी, बडोद्यात दांडिया बाजारजवळ आमचं लहानसं उपाहारगृह आहे. सासऱ्यांच्या काळातली रंगवलेली पाटी उतरवून आम्ही लाइटवाला बोर्ड लावला. मागे काळी एसीपी शीट (मध्ये प्लास्टिक असलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा), त्यावर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकची उठावाची अक्षरं, आत एलईडी. पहिल्या दिवाळीला लोक थांबून फोटो काढत होते. दुसऱ्या पावसाळ्यात सगळी रया गेली.

आत्ताची अवस्था सांगते. संध्याकाळी बटण दाबलं की डावीकडची चार अक्षरं लुकलुकतात आणि अर्ध्या तासाने स्थिर होतात. उजवीकडच्या टोकाची दोन बाकीच्यांपेक्षा मंद आहेत, ती आधीपासूनच. खालच्या ओळीत 'गरम आंबोळी' लिहिलंय, त्यातला अनुस्वार विझलाय, त्यामुळे सध्या आम्ही 'आबोळी' विकतो आणि गिऱ्हाइकं रोज नवा विनोद करून जातात. दोन-तीन अक्षरांत आतून तपकिरी डाग दिसतात. भिंतीवर गंजाचे ओघळ आलेत. नावाखालची लाल पट्टी गुलाबी झालीय.

बोर्डवाल्याचं उत्तर तयार आहे, "बेन, बधे सिलिकॉन मारी दईश, पाणीनुं टीपुंय अंदर नहि जाय." म्हणजे सगळीकडे सिलिकॉन मारून देतो, पाण्याचा थेंबही आत जाणार नाही. गेल्या वर्षीही त्याने हेच केलं होतं. पुन्हा करू द्यावं की सरळ नवा बोर्ड करावा? बोर्ड पश्चिमेला तोंड करून आहे, आणि त्याच्या खाली थोडं बाजूला आमच्या स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट आहे.

पत्राकाम

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, बोर्डाच्या फ्रेम करतो. आधी तीन गोष्टी सांगा. अक्षरांना खालून भोकं आहेत का? एसएमपीएस, म्हणजे एलईडीला १२ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय, कुठे बसवलाय? आणि किती वॅटचा आहे?

खमंग_काकडी

भोकं कुठेच नाहीत, उलट सगळीकडे सिलिकॉनचे थर आहेत. एसएमपीएस दोन आहेत, दोन्ही बोर्डाच्या मागे पत्र्याच्या डब्यात. मोठा ४०० वॅटचा, वर 'रेनप्रूफ' लिहिलंय. दुसरा लहान, तो फक्त डावीकडच्या चार अक्षरांना आहे, कारण ती अक्षरं नंतर वाढवली.

कुंचला

ताई, राग मानू नका, पण जुनी पाटी का काढली? रावपुऱ्यात, मांडवीत पेंटरच्या हातच्या पाट्या पंधरा-पंधरा वर्षं तशाच असायच्या. एनॅमल रंग, वर वॉर्निश, संपलं. ना वायर, ना बिल.

खमंग_काकडी

कुंचलाभाऊ, पाटी जपून ठेवलीय, आतल्या भिंतीवर लावलीय. पण संध्याकाळी सातनंतर आमचं अर्धं गिऱ्हाईक येतं, आणि समोरच्या रांगेत सगळे उजळलेले असताना अंधारातली पाटी कोण वाचणार?

डायोड

खमंगताई, आयुष्य पॉवर सप्लाय दुरुस्त करण्यात गेलं, म्हणून जरा लांब लिहितो. तुम्ही सांगितलेले बिघाड एकाच बोर्डावर असले तरी त्यांची कारणं वेगळी आहेत. बोर्डवाल्याचं सिलिकॉन त्यातल्या एकावरही उपाय नाही, दोनांना तर ते वाढवतं.

पाण्यापासून सुरुवात करतो. बाहेरचा बोर्ड हवाबंद करता येत नाही. काळी एसीपी पश्चिमेच्या उन्हात मे महिन्यात साठ अंशांवर सहज जाते, हात टेकवून बघा, टेकणार नाही. अक्षराच्या आतली हवा तापून फुगते आणि जिथे फट मिळेल तिथून बाहेर पडते. मग दुपारी चारला वळवाची सर येते. पाच-दहा मिनिटांत तोच बोर्ड पंचवीस-तीस अंशांवर. आतली हवा आकसते, साधारण दहावा हिस्सा. तेवढी जागा भरायला बाहेरून जे मिळेल ते आत ओढलं जातं, आणि नेमकं त्या क्षणी प्रत्येक फटीच्या तोंडावर पाणी उभं असतं. थोडक्यात, बोर्ड श्वास घेतो आणि पावसात घेतलेल्या श्वासाबरोबर पाणी पितो. त्याला केसाएवढी फटही पुरते.

आता सिलिकॉन मारल्यावर काय होतं? बहुतेक फटी बुजतात, एखाद-दुसरी राहतेच. ओढ तीच असते, त्यामुळे त्या एका फटीतून पाणी येतंच. फरक एवढाच की आलेल्या पाण्याला आता बाहेर पडायची वाट नसते. दिवसा त्याची वाफ होते, रात्री ती वाफ एलईडीच्या पट्टीवर आणि तांब्याच्या जोडांवर दव होऊन बसते. पाऊस संपला तरी आतला पाऊस चालूच.

दुसरं, सिलिकॉन दोन प्रकारचं मिळतं. एक लावताना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. ते सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं, आणि बंद अक्षराच्या आत हे आम्ल तांबं, जस्त, लोखंड सगळ्यांना खातं. दुसरं न्यूट्रल, त्याला तो वास नसतो, ट्यूबवर तसं लिहिलेलं असतं. किंमत थोडी जास्त असते, म्हणून कारागीर पहिलंच आणतात. गेल्या वर्षी काम चालू असताना आंबूस वास आला होता का, आठवून बघा. तुमचे तपकिरी डाग बघता मला शंका आहे.

बाकीचं संध्याकाळी लिहितो.

खमंग_काकडी

आला होता! दोन दिवस दुकानात लोणच्याची बरणी फुटल्यागत वास होता. आमचा वेटर मला विचारत होता, काय सांडलं म्हणून.

रात्रकिडा

मग उपाय काय, भोकं पाडायची? पाणी नको म्हणून भोकं पाडायची हे पचायला जड आहे.

पत्राकाम

होय, भोकंच. प्रत्येक अक्षराच्या सगळ्यात खालच्या बिंदूला सहा मिलिमीटरचं भोक, अक्षर मोठं असेल तर दोन. त्याच्या आत बारीक जाळी चिकटवायची, नाहीतर गांधीलमाशी मातीचं घर करून ते बंद करते. भोक खाली असल्यामुळे पाऊस वर चढत नाही, आणि श्वास घ्यायचाच असेल तर बोर्ड तिथून घेतो, वरच्या सांध्यातून नाही. वरून आणि बाजूंनी सील, खालून मोकळं, एवढं लक्षात ठेवायचं.

यात आपल्या लिपीची एक गंमत आहे, जी इंग्रजी बोर्ड करणाऱ्यांना कळत नाही. देवनागरीची शिरोरेषा म्हणजे बोर्डावरची सरळ आडवी फळी. तिच्यावर धूळ साठते, कबुतरं बसतात, पाणी उभं राहतं. तिथे वरच्या पृष्ठाला मागून पुढे दोन-तीन अंशांचा उतार दिला तर अर्धं काम होतं. कुणी देत नाही. मग शब्दातली सगळी अक्षरं शिरोरेषेने जोडलेली, म्हणजे पूर्ण शब्दाचा एकच डबा. इंग्रजीत एका अक्षरात पाणी गेलं तर एक अक्षर जातं, आपल्याकडे 'र'मध्ये शिरलेलं पाणी शिरोरेषेतून फिरून 'ळ'मध्ये उतरतं. आणि उकार! उकार हा त्या डब्याचा सगळ्यात खालचा कप्पा, सगळं पाणी तिथे. मी उघडलेल्या मराठी बोर्डांत उकारातले मॉड्यूल (एलईडीचे छोटे तुकडे) सगळ्यात आधी सडलेले बघितलेत. भोक पाडायचं तर आधी उकारांना पाडा.

अनुस्वाराचं दुखणं निराळं. तो सुटा असल्यामुळे त्याला वेगळी वायर, वेगळा जोड. जागा नसते म्हणून कारागीर वायर पिळून टेप मारतो आणि एसीपीच्या मागे ढकलून देतो. उन्हाळ्यात टेपचा गोंद पाघळतो, टेप सुटते, पावसाळ्यात जोड काळा पडतो. तुमची आंबोळी तिथे अडकलीय, मॉड्यूल बहुतेक चांगला असेल.

ढील_दे

पत्राकामभाईंचं शिरोरेषेचं निरीक्षण लाखमोलाचं. त्यात माझी भर, उत्तरायण. १४ जानेवारीला फतेगंजात प्रत्येक बोर्डावर दोरा अडकतो. मुलं खालून हिसका देतात आणि काचेचा मांजा मागच्या वायरीचं इन्सुलेशन कापतो. त्या दिवशी कळत नाही, जूनमध्ये कळतं. नायलॉनच्या मांज्यावर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली, तरी झाडांवर आणि बोर्डांवर अजून दिसतोच. वासी उत्तरायण (दुसरा दिवस) संपलं की शिडी लावून दोरे कापून काढा, ओढू नका. अनुस्वार तर पतंगाला अडकायला बनवल्यासारखाच.

डायोड

आता वीज.

लुकलुक. ती फक्त डावीकडच्या चार अक्षरांत आहे आणि त्यांचा एसएमपीएस वेगळा आहे, म्हणजे संशय सरळ त्याच्यावर. एक खूण पाहा. फक्त पावसाळी, दमट दिवशी लुकलुकत असेल तर ओल. कोरड्या दिवशीही तसंच होत असेल आणि तापल्यावर थांबत असेल तर त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकत आलेत. थंड असताना त्यांचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, गरम झाल्यावर कमी होतो, म्हणून अर्ध्या तासाने दिवे शहाण्यासारखे वागतात. एके दिवशी लागणारच नाहीत.

हे कपॅसिटर उष्णतेने मरतात. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. १०५ अंशांवर २००० तास असं लिहिलेला कपॅसिटर ८५ अंशांवर साधारण ८००० तास चालेल, ६५ अंशांवर ३२,००० तास. रोज सहा तास बोर्ड लावला तर वर्षाला सुमारे २२०० तास होतात. म्हणजे ८५ अंशांत साडेतीन वर्षं, ६५ अंशांत चौदा. भाग तोच, कंपनी तीच, फक्त जागा बदलली. आणि स्वस्त एसएमपीएसमध्ये १०५ अंशांऐवजी ८५ अंशांचे कपॅसिटर टाकलेले असतात, त्यांचा हिशोब तुम्हीच करा.

तुमचा एसएमपीएस पत्र्याच्या बंद डब्यात, पश्चिमेच्या भिंतीवर, संध्याकाळी सातला चालू होतो तेव्हा भिंत अजून उन्हाची असते. त्याला तिथून काढा. दुकानाच्या आत, हवेशीर जागी, हाताला येईल असा लावा. एवढ्या एका बदलाने जेवढा फरक पडेल तेवढा कुठल्याही महागड्या एलईडीने पडणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

आतच ठेवता येत नसेल तर 'रेनप्रूफ' आणि 'वॉटरप्रूफ' यांत फरक करा. रेनप्रूफला खालून जाळीची तोंडं असतात, तो उभाच आणि तोंडं खाली ठेवूनच लावायचा असतो. आडवा किंवा उलटा लावलेला मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता हसूही येत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या खोक्यात रसायन ओतून बंद केलेला आयपी ६७ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) वाला बाहेर चालतो. घेताना एलईडी ड्रायव्हरवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी आहे का बघा, आयएस १५८८५ लिहिलेलं असतं.

भार किती आहे? मोठ्या एसएमपीएसवर किती मॉड्यूल आहेत?

खमंग_काकडी

बिलात ३०० मॉड्यूल लिहिलेत, १.२ वॅटचे. सगळे मोठ्यावरच, डावीकडचे वेगळे.

डायोड

३०० × १.२ म्हणजे ३६० वॅट, ४०० च्या सप्लायवर नव्वद टक्के. तापलेल्या डब्यात हे जास्त आहे. ऐंशी टक्क्यांच्या वर जाऊ नये, म्हणजे ४५० वॅट हवेत. त्यापेक्षा दोन लहान सप्लाय बरे, एक गेला तर अर्धा बोर्ड तरी लागतो.

आता तुमची मंद अक्षरं. १२ व्होल्टवर वायरीतली घट फार बोचते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या मऊ वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १३.३ ओहम. सप्लायपासून अक्षर दहा मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर, पाच अ‍ॅम्पिअरला १.३ व्होल्ट वाटेतच गेले. अक्षराला पोचले १०.७. अडीचची वायर टाकली तर घट ०.८ वर येते. शिवाय मॉड्यूलला मॉड्यूल जोडत पन्नासची साखळी करतात, तिच्यातली वायर तर केसाएवढी. वीस मॉड्यूलनंतर नवी मुख्य वायर द्यायची किंवा साखळीला दोन्ही टोकांनी वीज द्यायची. आणि वायर खरंच तांब्याची आहे का ते चाकूने खरवडून बघा. वर तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी वायर बाजारात भरपूर आहे. रोध जास्त आणि ओल लागली की जोडात पांढरी भुकटी.

रात्रकिडा

पण काका, मॉड्यूलवरच आयपी ६७ छापलेलं असतं. मग पाणी आत गेलं तरी काय बिघडतं?

डायोड

मॉड्यूल आयपी ६७ असेल, दोन मॉड्यूलमधला जोड नसतो. आणि त्या आकड्याचा अर्थ मर्यादित आहे. ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून चाचणी. नवाकोरा नमुना, ऊन नाही, तापणं-थंडावणं नाही. तीन उन्हाळ्यांनंतर त्याच मॉड्यूलचं प्लास्टिक वायरीपासून सुटतं तेव्हा तो आकडा उपयोगाचा नाही. मकरपुऱ्यात एर्डा ही विजेच्या उपकरणांची मोठी चाचणी संस्था आहे, तिथे असल्या चाचण्या होतात. बोर्डवाल्याला 'चाचणीचा अहवाल दाखव' म्हणा, चेहरा बघण्यासारखा होतो.

पत्राकाम

काका, एवढंही नको. रिपोर्ट मॉड्यूलच्या कंपनीकडे असतो, गल्लीतल्या बोर्डवाल्याकडे कुठून येणार? आणि आमची बाजूही ऐका. गिऱ्हाईक तीन कोटेशन मागवतं आणि स्क्वेअर फुटाचा सगळ्यात कमी भाव निवडतं. मग बोर्डवाला कुठे कापतो? जिथे दिसत नाही तिथे. वायर, प्रायमर, स्क्रू, सप्लाय. पुढून अ‍ॅक्रिलिक चकचकीत असतं.

खमंगताईंचे गंजाचे ओघळ बहुतेक अँगलच्या फ्रेममधून येतायत. एमएस (साध्या लोखंडाचे) अँगल वेल्ड करतात, वर रेड ऑक्साइडचा एक हात, तोही समोरच्या बाजूला. वेल्डचा सांधा आणि कापलेली टोकं उघडी राहतात, गंज तिथून सुरू होतो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप वापरला तरी वेल्ड केलेल्या जागेचं जस्त जळून गेलेलं असतं, तिथे जस्ताचा रंग पुन्हा मारावा लागतो. स्क्रू तर बघूच नका. पिवळट मुलाम्याचे सेल्फ स्क्रू एका पावसाळ्यात लाल होतात. स्टेनलेसचे घ्या आणि अ‍ॅल्युमिनियमला थेट टेकू देऊ नका, मध्ये नायलॉनचा वॉशर द्या, नाहीतर ओलीत त्या दोन धातूंचं आपसांत सुरू होतं आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

स्टीलची अक्षरं करणाऱ्यांना एक सांगतो. ३०४ ग्रेडचं म्हणून स्वस्त २०२ खपवतात. लोक चुंबक लावून बघतात, पण चुंबक दोघांनाही धड चिकटत नाही, त्यामुळे त्याने काही ठरत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

नंदेसरीकर

आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्याच थराला आहे. नंदेसरी, रणोलीच्या कारखान्यांच्या बाजूला हवेत आम्लाच्या आणि गंधकाच्या वाफा असतात. गेटवरच्या बोर्डातले एलईडी सहा महिन्यांत काळवंडले, पाण्याचा थेंब नसताना. मेंटेनन्सच्या माणसाने सांगितलं की एलईडीच्या आत चांदीचा मुलामा असतो, वरचं सिलिकॉन वायूला अडवत नाही, आणि गंधकाने चांदी काळी पडते. पूजेची भांडी पडतात तशीच. चांदी काळी, की उजेड कमी आणि रंग विचित्र. आम्ही शेवटी दिवे आतून लावायचे सोडून दिले. साधा रंगवलेला पत्रा आणि वरून एक बंद, गॅस्केटवाला फ्लडलाइट. बदलायचा तर एकच दिवा बदलायचा.

कुंचला

हेच तर मी म्हणत होतो!

भाट्येकिनारी

रत्नागिरीहून दंडवत. आमच्याकडे गंधक नाही पण खारं वारं आहे, तिथेही हीच गत. इकडे स्टीलसुद्धा ३१६ लागतं. नंदेसरीकरांची बाहेरून उजेड टाकायची युक्ती आमच्याकडचे जुने लॉजवाले अजून वापरतात.

खमंग_काकडी

आणि लाल पट्टी? तिला तर पाणीही नको आणि वीजही नको, मग ती गुलाबी का झाली?

पत्राकाम

ती ऊन खातेय. पट्टीवर स्वस्त विनायल असणार. विनायलमध्ये कॅलेंडर केलेलं (रोलरमध्ये दाबून बनवलेलं) आणि कास्ट (ओतून बनवलेलं) असे दोन प्रकार येतात. कॅलेंडर केलेलं आकसतं आणि कडा उचलतात, कास्ट महाग पण टिकतं. छापील रंगात लाल हा किरमिजी आणि पिवळा मिळून होतो आणि उन्हात आधी हे दोघंच उडतात. म्हणून जुन्या फ्लेक्सवरचे नेते निळे दिसतात. रंगीत विनायल घ्या, छापलेलं नको. किंवा मुळातच लाल रंगाचं अ‍ॅक्रिलिक घ्या.

अ‍ॅक्रिलिकबद्दल सांगायचं तर ते उन्हाला चांगलं टिकतं, पिवळं पडत नाही. पॉलिकार्बोनेट दगड झेलतं पण वर यूव्हीचा थर नसेल तर पिवळं पडतं. स्वस्त निऑन फ्लेक्सचं पीव्हीसी तर वर्षात पिवळं, त्यात सिलिकॉनचंच घ्या. अ‍ॅक्रिलिकचं दुखणं म्हणजे ते उष्णतेने फार वाढतं, अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट. आठ फुटांची शीट थंडीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत सात मिलिमीटरच्या आसपास लांबते. तुमची शिरोरेषा सलग असेल आणि स्क्रूचं भोक स्क्रूएवढंच पाडलं असेल तर ती वाढणार कुठे? भोकापाशी तडकते. भोक मोठं हवं आणि स्क्रू आवळून टाकायचा नाही.

डायोड

त्याला जोडून, दिवाळीच्या सफाईत अ‍ॅक्रिलिकवर थिनर लावू देऊ नका. स्टिकरचा गोंद काढायला पोरं थिनर नाहीतर पेट्रोल घेतात. त्या दिवशी चकचकीत दिसतं, मग काही दिवसांनी आत बारीक रेघांचं जाळं उठतं, विशेषतः लेझरने कापलेल्या कडांपाशी. ते पुन्हा जात नाही. तुमच्या एक्झॉस्टचा तेलकट थर साध्या भांड्याच्या साबणाच्या पाण्याने, मऊ फडक्याने, बोर्ड बंद आणि थंड असताना पुसायचा. काच पुसायचा अमोनियावाला स्प्रेही नको. आणि त्या एक्झॉस्टला कोपर लावून तोंड दुसरीकडे वळवा, तेलावर बसलेली धूळ पाणी धरून ठेवते.

रात्रकिडा

मी उजेडाच्या प्रदूषणावरून भांडणारा आहे, पण इथे आपला स्वार्थ एकच आहे. रात्री दुकान बंद झालं की बोर्ड बंद करा. टायमर लावला तर कुणाच्या लक्षात राहण्याची गरज नाही. बडोद्यात जूनमध्ये सव्वासातनंतर सूर्य मावळतो आणि डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास, त्यामुळे ऋतूप्रमाणे वेळ आपोआप बदलणारा टायमर मिळतो तो घ्या. पिवळसर पांढरे दिवे घेतलेत तर किडेही कमी येतात, निळसर पांढऱ्यावर जास्त येतात. किडे कमी म्हणजे पाली कमी, आणि एसएमपीएसमध्ये पाल जळून तो गेल्याचे किस्से डायोडकाकांकडे असतीलच.

डायोड

आहेत, पण जेवणाच्या वेळी नकोत.

उजेड कमी करण्यावरून आठवलं. बहुतेक एसएमपीएसवर टर्मिनलशेजारी एक लहान प्लास्टिकचा स्क्रू असतो, त्याने व्होल्टेज थोडं कमी-जास्त होतं. साध्या रोधकवाल्या मॉड्यूलमध्ये तीन एलईडी मिळून नऊ व्होल्ट घेतात, उरलेले तीन रोधकावर. सप्लाय १२ वरून ११.४ केला तर रोधकावर २.४ राहतात, म्हणजे करंट वीस टक्क्यांनी कमी. रस्त्यावरून बघणाऱ्याला फरक जेमतेम कळतो, पण मॉड्यूल थंड राहतात. करंट स्थिर ठेवणारा आयसी असलेल्या मॉड्यूलवर हे चालत नाही. आणि हे काम माहितगाराकडूनच करून घ्या, त्या स्क्रूशेजारीच २३० व्होल्टची टर्मिनलं असतात.

सुरक्षेचं एक तेवढं गंभीरपणे घ्या. बोर्डाच्या लाइनला ३० मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का? फ्रेमला अर्थिंग आहे का? पावसात लोक तुमच्या बोर्डाखाली आडोशाला उभे राहतात आणि लोखंडी खांबाला हात लावतात. आरसीसीबी पावसाळ्यात सारखी पडते म्हणून काढून टाकणारे मी पाहिलेत. ती पडते कारण आत गळती आहे.

ढील_दे

आणि सप्लाय आत ठेवताना खाली ठेवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शिरलं तेव्हा आमच्या गल्लीत बोर्ड वर कोरडे आणि सप्लाय काउंटरखाली पाण्यात. काहींनी ते उन्हात वाळवून पुन्हा लावले.

डायोड

वाळवून लावू नयेत. आतला गाळ ओल धरून ठेवतो, आणि चालू केल्यावर ठिणगी पडते. पुरात बुडालेला सप्लाय थेट भंगारात.

खमंग_काकडी

काल मकरपुऱ्याहून एक ओळखीचे कारागीर आणून बोर्ड उघडला. अँगलच्या वेल्डवर पोपडे, बाकी फ्रेम धड आहे. 'गुरुकृपा' लिहिलेल्या ओळीतला 'गु'चा उकार आणि 'कृ'चा ऋकार उघडले तर आत बोटभर पाणी, तेही हिरवट, आणि त्यात मॉड्यूल बुडालेले. पत्राकामभाई, तुम्हाला एक आंबोळी आमच्याकडून. वरच्या शिरोरेषेतले मॉड्यूल मात्र नव्यासारखे निघाले. अनुस्वाराचा जोड काळा ठिक्कर होता, कापून पुन्हा जोडला तर लगेच पेटला. वायर खरवडली, आत पांढरी.

आता बोर्ड नवा करत नाही. अक्षरं उतरवून भोकं आणि जाळ्या, नवी वायर, सप्लाय पोटमाळ्यावर. बोर्डवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, भोकं पाडली तर वॉरंटी जाईल. कुठली वॉरंटी, ते मात्र सांगितलं नाही. एकच विचारायचं राहिलं, जोडांना काय लावू?

डायोड

टेप नाही. आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी, गरम केल्यावर दोन्ही टोकांतून गोंद बाहेर आलेला दिसला पाहिजे. किंवा जेल भरलेले कनेक्टर. आणि प्रत्येक वायर अक्षरात शिरण्यापूर्वी थोडी खाली लोंबती ठेवा, म्हणजे वायरीवरून येणारं पाणी त्या झोक्यातून टपकेल, आत जाणार नाही.

पत्राकाम

वेल्डवरचे पोपडे तारेच्या ब्रशने पूर्ण काढा, त्यावर जस्ताचा रंग दोन हात, मग वरचा रंग. नुसता रंग फासू देऊ नका. अक्षरं उतरवलीच आहेत तर शिरोरेषेला उतार देणारी पट्टीही करून घ्या, अ‍ॅल्युमिनियमच्या उरलेल्या तुकड्यांत होते. माप पाठवलंत तर मी कापून ठेवतो. आंबोळी गरमच हवी.

कुंचला

बोर्ड उतरवलाय तोवर जुनी पाटी बाहेर लावा की, ताई.

खमंग_काकडी

लावलीय, काल रात्रीच. सासरे खाली खुर्ची टाकून बसलेत. वरून एक फ्लडलाइट सोडायचा आहे. नंदेसरीकर, तुमचा तो गॅस्केटवाला किती वॅटचा आहे?